पार्क आणि हाफपाइपसाठी एकच जोडी घ्यायची असेल तर

तुम्ही विचारले आहे की 164 सेंटीमीटरची मऊ पार्क स्की घ्यावी की 178 सेंटीमीटरची ताठ स्की. तुम्ही दिलेला तपशील असा : उंची 174 सेंटीमीटर, वजन 72 किलो, वय 24, चार हंगाम नेहमीच्या उतारांवर स्कीइंग, गेल्या हंगामापासून टेरेन पार्कमध्ये, म्हणजे कसरतींसाठी अडथळे मांडलेल्या उतारावर, छोटे जंप आणि बॉक्स (घसरत जाण्यासाठीचे रुंद, सपाट अडथळे), आणि यंदा हाफपाइप, म्हणजे दोन्ही बाजूंना बर्फाच्या उंच वक्र भिंती असलेली पन्हाळ, शिकण्याची इच्छा. पायाची लांबी 26.4 सेंटीमीटर असून बूट जुनेच, 27.5 मापाचे, वापरायचे ठरवले आहे, कारण ते आरामदायक आहेत. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिले आहे की लँडिंगनंतर नडगी दुखते आणि दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली आहेत. माझ्या उत्तराची सुरुवात मी या शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण ते बूट पायात असतील तोवर या दोन स्कींपैकी कोणतीही घेतली तरी तिचा गुण तुम्हाला कळणार नाही.

मी पार्क आणि हाफपाइपचे प्रशिक्षण देतो आणि बूट पायाला बसवून देण्याचेही काम करतो, त्यामुळे या दोन गोष्टी मला वेगळ्या दिसत नाहीत. बूट घट्ट असल्यामुळे नखे काळी पडतात, असा समज फार रूढ आहे, पण मी पाहिलेल्या बहुतेक पायांत कारण नेमके उलटे होते. बूट लांब असला की टाच मागच्या खोबणीत बसत नाही, लँडिंगच्या धक्क्याने पाऊल आत पुढे सरकते आणि अंगठा शेलच्या, म्हणजे बाहेरच्या कडक प्लॅस्टिकच्या कवचाच्या, भिंतीवर आपटतो. नडगीचेही तसेच आहे. नडगी आणि बुटाची जीभ, म्हणजे नडगीसमोरचा भाग, यांच्यात पोकळी राहिली की लँडिंगच्या वेळी नडगी त्या पोकळीतून पुढे येऊन जिभेवर आदळते, आणि हे दिवसभर चालू राहते. मग माणूस दुखणे टाळण्यासाठी नकळत मागच्या बाजूला झुकून उतरू लागतो, त्यामुळे पुढच्या लँडिंगला धक्का अधिक बसतो. पार्कमध्ये मागे बसून उतरण्याची जी सवय प्रशिक्षकांना मोडून काढावी लागते, तिचे मूळ पुष्कळदा भीतीत नसून बुटाच्या मापात असते.

याची खात्री तुम्हाला घरच्या घरी करता येईल. बुटातले लायनर (आतले मऊ अस्तर) बाहेर काढा, पातळ मोजा घालून रिकाम्या शेलमध्ये पाऊल ठेवा, बोटे पुढच्या भिंतीला अगदी हलकी टेकतील इतके पुढे सरका आणि गुडघा थोडा वाकवून टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. उभ्याने नीट दिसत नसेल तर 15 मिलिमीटर जाडीची लाकडी काठी टाचेमागे उभी सरकवा. पार्क आणि हाफपाइपसाठी ही जागा 10 ते 15 मिलिमीटर असावी. 20 मिलिमीटरपर्यंत निभावते, मात्र तो कौटुंबिक सहलीचा बूट झाला. बुटाचे मॉन्डोपॉइंट माप म्हणजे पायाची सेंटीमीटरमधली लांबी, आणि बहुतेक कंपन्यांच्या बुटांत 27 आणि 27.5 यांचे शेल एकच असते, फरक फक्त लायनरचा किंवा आतल्या तळव्याचा असतो. तुमच्या 26.4 सेंटीमीटरच्या पायाला 26.5 माप, म्हणजे 26चे शेल, हेच योग्य ठरण्याची शक्यता खूप आहे. दुकानात तो बूट प्रथम चढवल्यावर तुम्हाला तो लहान वाटेल. उभे राहिल्यावर बोटे पुढे टेकतील. बकल लावून गुडघे पुढे वाकवले की टाच मागे जाऊन बोटे किंचित सुटतील. तसे झाले तर माप बरोबर आहे. वीस मिनिटे पायात ठेवा. सगळीकडून सारखा दाब जाणवत असेल तर लायनर दबून पाय मोकळा होईल; एकाच बिंदूवर टोचत असेल तर तेवढ्या जागी शेल तापवून फुगवता येते. मोठे शेल लहान करण्याचा मात्र कोणताही चांगला उपाय नाही, आणि म्हणूनच मापाच्या बाबतीत मी कोणाच्या आग्रहाला मान देत नाही.

रुंदीसाठी कंपन्या 98, 100, 102 मिलिमीटर असे आकडे देतात. ते चवड्याच्या सर्वांत रुंद भागाचे असतात आणि साधारणपणे 26.5 मापाच्या बुटावर मोजलेले असतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत ते जवळपास जसेच्या तसे लागू पडतील. चवडा रुंद असेल तर रुंद साच्याचा बूट घ्या, लांब बूट घेऊन रुंदी मिळवू नका.

आता फ्लेक्सविषयी, म्हणजे बुटाच्या ताठपणाविषयी. बुटावर छापलेला 90, 100, 120 हा आकडा सगळ्या कंपन्यांना समान असलेल्या कोणत्याही मानकाने ठरलेला नसतो. एका कंपनीचा 100 दुसरीच्या 110 इतका ताठ निघू शकतो. शिवाय शेलचे प्लॅस्टिक थंडीत कडक होते, म्हणून दुकानाच्या उबेत जो बूट जेमतेम वाकतो तो बर्फावर आणखी ताठ लागतो. एवढे गृहीत धरून, 72 किलो वजनाच्या आणि दोन्ही प्रकार करू पाहणाऱ्या माणसाला मी 100 ते 110च्या आसपासचा बूट सुचवीन. केवळ रेल (धातूचे अरुंद कठडे) आणि बॉक्स करणाऱ्यांना 90 ते 100 आवडतो, कारण तिथे घोटा सतत थोडा थोडा हलवून तोल सावरावा लागतो. हाफपाइपच्या भिंतीवर मात्र मऊ बूट दबतो, आणि स्कीच्या पोलादी कडेवर टाकलेला जोर कडेपर्यंत पोहोचण्याआधीच बुटात विरतो. मोठ्या जंपवरून थोडे अलीकडे किंवा पलीकडे उतरलात तरी असेच होते : बूट तळापर्यंत वाकतो आणि पुढचा धक्का गुडघ्याला झेलावा लागतो.

रचनेचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात शेलचे दोन पाळे एकमेकांवर चढतात. हा बूट कडेवर नेमका असतो आणि बहुतेक सर्व बूट याच घडणीचे असतात. दुसऱ्यात तळाचे शेल, मागची कॉलर आणि पुढची स्वतंत्र जीभ असे तीन भाग असतात. हा तीन भागांचा बूट पार्क स्कीअरांमध्ये फार लोकप्रिय आहे. रायक्ली कंपनीच्या जुन्या फ्लेक्सॉन बुटाची ही घडण फुल टिल्टने पुढे चालवली, आता ती के2च्या नावाखाली मिळते, आणि डालबेलोचे क्रिप्टॉनही याच घराण्यातले. त्याचा गुण असा की पुढे वाकताना खालचे शेल बाजूंना फुगत नाही आणि प्रतिकार हळूहळू वाढत जातो, त्यामुळे अवघड लँडिंगला एकदम भिंत लागल्यासारखे होत नाही. शिवाय जीभ बदलून ताठपणा कमी-जास्त करता येतो. तरीही ही घडण तुमच्या पायाला बसत नसेल तर केवळ पार्कची म्हणून ती घेऊ नका. घोटा आणि टाच ज्या बुटात हलत नाहीत तो बूट तुमचा, मग तो कोणत्याही घडणीचा असो.

टाचेखाली काय आहे हे दुकानात फार थोडे लोक पाहतात. लायनर काढल्यावर तळाशी जी पट्टी दिसते ती कडक प्लॅस्टिकची आहे की रबरासारखी दबणारी, हे अंगठ्याने दाबून पाहा. सपाट जागी उतरल्यावर टाचेला जी इजा होते आणि जी आठवडेच्या आठवडे बरी होत नाही, तिच्यापासून ही पट्टी बऱ्याच अंशी वाचवते. उष्णतेने पायाच्या आकाराचे होणारे फोमचे लायनर घेतल्यास टाच अधिक चांगली धरली जाते. बूट घातल्यावर वरची दोन बकले आणि पट्टा यांवर भर द्या, खालची दोन नुसती टेकवून ठेवा. पावलावरची बकले करकचून आवळली की रक्तपुरवठा अडतो आणि पाय बधिर होतो, टाच मात्र तशीच सैल राहते.

बुटाचे इतके झाल्यावर स्कीकडे वळू. पार्क आणि हाफपाइप हे दोन शब्द एका दमात उच्चारले जातात, पण स्कीकडून त्यांच्या मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. 2014च्या सोची ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल स्कीइंगचे हे दोन प्रकार, स्लोपस्टाइल आणि हाफपाइप, प्रथमच आले आणि ते दोन वेगळ्या स्पर्धा म्हणून आले. स्लोपस्टाइलमध्ये रेल आणि जंप एकाच मार्गावर असतात. हाफपाइपमध्ये फक्त भिंती असतात. स्पर्धेच्या हाफपाइपची भिंत 22 फूट, म्हणजे सुमारे 6.7 मीटर उंच असते आणि तिचा पृष्ठभाग यंत्राने कापून काढलेला, दाबलेला, बरेचदा बर्फाच्या लादीसारखा कडक असतो. तुम्ही शिकाल ती भिंत बहुधा याहून पुष्कळ बुटकी असेल, पण कडकपणा तोच.

भिंतीवर काय घडते ते पाहू. तळातून तुम्ही तिरके वर चढता, भिंत उभी होत जाते, आणि माथ्यावरून सुटेपर्यंत सगळा भार एका बाजूच्या कडेवर असतो. ती कड वीतभर जरी घसरली तरी वेग जातो, आणि वेग गेला की उंची जाते. मग पुढच्या भिंतीवर त्याहून कमी. उतरताना भिंतीच्या वरच्या, उभ्या भागात उतरलात तर धक्का जवळजवळ जाणवत नाही आणि वेग टिकतो. खाली, वळणाच्या तळाशी उतरलात तर सगळा भार एकदम येतो आणि मऊ शेपूट त्याखाली दुमडते. म्हणून हाफपाइपच्या स्कीला पायाखाली कॅम्बर, म्हणजे कमानीसारखा उंचवटा, हवा, पिळाला विरोध करणारा ताठपणा हवा, कड धारदार हवी आणि लांबी उंचीच्या जवळपास हवी.

रेलवर याच्या नेमके उलट. स्की रेलला आडवी असते आणि पायाखालचा भाग धातूवर घासत जातो. तिथली कड धारदार असेल तर ती जोडणीत किंवा ओरखड्यात अडकते आणि तुम्ही रेलच्या कडेवर आपटता. म्हणून रेल करणारे लोक पायाखालची धार मुद्दाम बोथट करतात. तुमचा पेच इथे आहे : रेल ज्या तीस सेंटीमीटर कडेला बोथट करायला लावते, हाफपाइप त्याच तीस सेंटीमीटरवर तुमचा जीव टांगून ठेवते. मऊ स्की की ताठ स्की हा वाद याच्या मानाने दुय्यम आहे.

तेव्हा प्रथम ठरवायचे ते हे की तुमचे किती दिवस कुठे जाणार. हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि बरेचसे यावर अवलंबून आहे की तुम्ही जाता तिथे हाफपाइप किती आठवडे उघडा असतो. अनेक ठिकाणी तो पार्कनंतर उघडतो आणि आधी बंद होतो, कारण त्याला बर्फ प्रचंड लागतो. हाफपाइप अधूनमधूनच मिळणार असेल तर मध्यम ताठ पार्क स्की घ्या. तो जवळ असेल आणि तुम्ही आठवड्यातून बरेच दिवस तिथेच घालवणार असाल तर थोडी ताठ आणि लांब स्की घेऊन रेल कमी करा. तुमच्या वर्णनावरून तुम्ही पहिल्या गटात बसता, असे मला वाटते.

त्या हिशेबाने, तुमच्यापुढे ठेवलेल्या दोन्ही स्की मी बाजूला ठेवीन. 164 सेंटीमीटरची मऊ स्की रेलवर गोड वाटेल, पण तुमच्या वजनाखाली मोठ्या जंपच्या लँडिंगला आणि भिंतीवर ती डगमगेल. 178ची ताठ स्की नीट चालवण्यासाठी जो वेग लागतो तो शिकणाऱ्याकडे नसतो. हवेत फिरवायलाही ती जड पडते, कारण टोकांजवळचे प्रत्येक ग्रॅम वजन फिरताना जाणवते. 170 ते 174 सेंटीमीटर लांबी, मध्यभागाची रुंदी 85 ते 92 मिलिमीटर, पायाखाली कॅम्बर आणि दोन्ही टोकांना थोडाच रॉकर (वर उचललेला बाक), मधला भाग ताठ आणि टोके किंचित मऊ, अशी दोन्हीकडे वळलेली स्की शोधा. याहून रुंद स्की ताज्या बर्फात सुखाची असते, पण कडक भिंतीवर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला तिला वेळ लागतो.

बांधणीत मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, बाजूची भिंत : पूर्ण उंचीची साइडवॉल रेलचे मार सोसते आणि दुरुस्तही करता येते. दुसरी, कडेची जाडी : चांगल्या पार्क स्कीची पोलादी कड सुमारे 2.5 मिलिमीटर जाड असते, नेहमीच्या स्कीची 2च्या आसपास, आणि रेलवर हा अर्धा मिलिमीटर पुष्कळ टिकाव देतो. तिसरी, तळ : सिंटर्ड तळ मेण धरून ठेवतो आणि वेगवान असतो, एक्स्ट्रूडेड तळ स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. हाफपाइपमध्ये वेग पुढच्या भिंतीपर्यंत टिकवायचा असतो, म्हणून मी सिंटर्ड तळ घ्यायला सांगतो, पण त्याला नियमित मेण लावणार असाल तरच. कोरडा सिंटर्ड तळ कोणाच्याच कामाचा नाही.

जुनी स्की घेत असाल तर दुकानदाराशी बोलण्याआधी पायाखालची कड उजेडात धरा आणि नख आडवे फिरवा. केसासारखी बारीक आडवी चीर असेल तर नख तिथे अडखळते. एखादी चीर चालते. चिरेच्या जागी कड बाहेर डोकावत असेल किंवा कडेच्या वर साइडवॉलमध्ये फट दिसत असेल, तर पाणी आत गेले आहे आणि थर सुटायला लागले आहेत. ती स्की ठेवून द्या.

धारेचा पेच एका जोडीवर पूर्ण सुटत नाही, पण मी शिकणाऱ्यांसाठी जे करतो ते सांगतो. दोन्ही टोकांची धार, जिथे स्की बर्फाला टेकायला सुरुवात करते तिथून पुढे, बोथट करतो. पायाखाली मात्र कड गोल करत नाही. नेहमी तळाच्या बाजूचा कोन 1 अंश असतो तो तेवढ्या भागात दीड ते दोन अंश करतो, आणि बाजूची धार राखतो. त्यामुळे स्की रेलवर सपाट ठेवली तर कड धातूपासून जराशी उचललेली राहते, आणि भिंतीवर स्की पुरेशी कलली की धार लागते. भिंतीवर कड लागायला क्षणभर उशीर होतो हे खरे, पण शिकण्याच्या टप्प्यात तो उशीर सोसण्याजोगा आहे. रेल केल्यावर त्या संध्याकाळी कडेवर बोट सावकाश फिरवून पाहा : जिथे खरखर लागते तिथे धातूचा बारीक काटा उभा राहिलेला असतो आणि घर्षणाने तेवढी जागा कडक झालेली असते, तिच्यावर कानस नुसती घसरते. आधी डायमंड स्टोनने तो काटा काढा, मगच कानस लावा. धातू एकदा काढला की परत येत नाही, म्हणून पायाखाली कानस हात राखून चालवा.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड, कुठे बसवायचे, हा निर्णय मला स्कीच्या नावापेक्षा महत्त्वाचा वाटतो. 1998च्या सुमारास सॅलोमन कंपनीची टेनएटी ही ट्विन-टिप (दोन्ही टोके वर वळलेली) स्की आली, जिच्यामागे स्कीअर माइक डग्लस आणि त्यांच्या कॅनेडियन सोबत्यांचा आग्रह होता. उलट दिशेने उतरायचे तर शेपटीलाही टोक हवे, हा तो विचार होता. आज पार्क स्कीवर बाइंडिंग अगदी मध्यावर किंवा त्याच्या एक ते तीन सेंटीमीटर मागे बसवतात, तर नेहमीच्या स्कीवर ते याहून बरेच मागे असते. मध्यावर बसवल्याने दोन्ही टोके फिरताना सारखी वाटतात आणि स्विच, म्हणजे उलट दिशेने, उतरताना मागे पुरेशी स्की उरते. पण पुढचा भाग आखूड होतो, आणि वेगात वळताना किंवा मऊ बर्फात तो आखूडपणा जाणवतो. तुम्ही आजवर मागे बसवलेल्या बाइंडिंगवर शिकला आहात आणि हाफपाइपही करणार आहात, तेव्हा मध्यापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे बसवा. अजिबात ठरत नसेल तर पुढे-मागे सरकवता येणारे बाइंडिंग मिळते. ते थोडे जड आणि उंच असते, पण एका हंगामात तुमची जागा तुम्हाला सापडेल. नेहमीचे बाइंडिंग पुन्हा दुसरीकडे बसवायचे तर जुन्या आणि नव्या छिद्रांत साधारण एक सेंटीमीटर अंतर लागते, आणि प्रत्येक नव्या छिद्राने स्की थोडी दुबळी होते.

बाइंडिंग किती जोराला बूट सोडेल हे त्यावरच्या आकड्याने ठरते; ही मापपट्टी 4 ते 13 अशी असली तरी तुम्हाला पुरेशी आहे. तुमचा आकडा तिच्या मधल्या भागात कुठेतरी येईल. तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी आणि स्कीइंगचा प्रकार यांवरून ठरतो, आणि बूट बदलला की तळव्याची लांबी बदलून आकडाही बदलतो, म्हणून नवे बूट हातात आल्याशिवाय बाइंडिंग बसवू देऊ नका. पार्कमध्ये स्की अवेळी सुटते म्हणून अनेक जण आकडा स्वतःच वाढवत नेतात. माझी कळकळीची विनंती आहे की हे करू नका. अवेळी सुटण्याचे कारण पुष्कळदा तळव्याखाली अडकलेला बर्फ, झिजलेली बुटाची टाच किंवा बुटाला पुढे रेटणारा बाइंडिंगचा चुकीचा दाब हे असते, आणि आकडा वाढवल्याने ते कारण तसेच राहून फक्त गुडघा धोक्यात येतो. त्याऐवजी असे बाइंडिंग पाहा जे धक्का बसल्यावर बूट थोडा सरकू देते आणि पुन्हा जागेवर आणते. लुक कंपनीच्या पिव्होट या बाइंडिंगला पार्कमध्ये जो मान आहे तो या गुणामुळे. सुटलेल्या स्कीला थांबवणाऱ्या ब्रेकची रुंदी स्कीच्या मध्यभागापेक्षा फार तर 15 मिलिमीटर जास्त असावी, नाहीतर तो रेलवर आणि दुसऱ्या स्कीवर अडकतो.

नव्या बुटाच्या तळव्यावर ग्रिपवॉकची खूण असेल तर बाइंडिंगवरही तीच खूण आहे का ते पाहा. ग्रिपवॉकचा तळवा चालण्यासाठी थोडा वक्र असतो, जुन्या पद्धतीच्या बाइंडिंगमध्ये तो बूट वरवर बसलेला दिसतो, पण सुटण्याची क्रिया भरवशाची राहत नाही. जुन्या स्कीवरचे बाइंडिंगच पुढे वापरायचा विचार असेल तर त्याचे नाव आणि त्यावरचा आकडा दुकानात आधी दाखवा, कारण कंपन्या ठरावीक काळानंतर जुन्या बाइंडिंगांना मान्यता देणे थांबवतात आणि मग जबाबदार तंत्रज्ञ त्यांना हात लावत नाही.

खर्च एकदम झेपत नसेल तर या हंगामात फक्त बूट घ्या आणि स्की भाड्याने घेऊन 170 आणि 174 या दोन्ही लांबी भिंतीवर वापरून पाहा. भाड्याची स्की घेताना तंत्रज्ञाला पायाखालची धार शाबूत आहे का ते विचारा, कारण पार्कच्या भाड्याच्या स्की बहुधा आधीच बोथट केलेल्या असतात, आणि तशा स्कीवर भिंतीवरून घसरलात तर दोष स्वतःच्या तंत्राला द्याल.